कॅम्पसला बसण्याआधी: संगणकशास्त्राच्या मुलामुलींसाठी तयारीची यादी

नोकरभरतीसाठी कंपन्या कॉलेजात साधारण सातव्या सत्राच्या तोंडावर, जुलै-ऑगस्टात यायला लागतात. म्हणून कोल्हापुरात तुम्ही गोकुळ शिरगावात शिकत असा, कसबा बावड्यात असा की विद्यापीठाच्या आवारात, तयारी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा.

आधी गुणपत्रिका काढून बघा. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी अशा सगळीकडे ६० टक्क्यांची अट घालतात, आणि बॅकलॉग, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, असेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. गणिताचा पेपर राहिला असेल तर नवा कोर्स लावण्याआधी तो सोडवा.

कोडिंगसाठी भाषा एकच धरा: सी++, जावा किंवा पायथन. रोज दोन प्रॉब्लेम, तेही उत्तर न बघता पाऊण तास झटून. ॲरे, स्ट्रिंग, हॅशिंग, रिकर्शन, लिंक्ड लिस्ट, ट्री, मग ग्राफ; डायनॅमिक प्रोग्रामिंग शेवटी. नमुना टेस्ट पास होते आणि लपवलेल्या टेस्ट नापास होतात, याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक म्हणजे वेळ: एन, म्हणजे इनपुटमधल्या आकड्यांची संख्या, १ लाख असेल तर एकात एक दोन लूप म्हणजे १००० कोटी फेऱ्या, आणि सी++ मध्ये सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया होतात. दुसरं ओव्हरफ्लो: ३२ बिटांच्या इंटमध्ये २१४ कोटींच्या थोडं पुढपर्यंतच आकडा मावतो, बेरीज त्याहून मोठी होणार असेल तर सी++ मध्ये लाँग लाँग, जावात लाँग घ्या.

प्रोजेक्टला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. लायब्ररी मॅनेजमेंट मुलाखत घेणाऱ्यांनी असंख्य वेळा पाहिलेलं असतं. आपल्याकडे गावोगाव दूध संस्था आहेत. सचिवांची परवानगी घेऊन दोन दिवस सकाळ-संध्याकाळ संकलनाला बसा आणि लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दहा दिवसांचं बिल कसं चालतं ते वहीत उतरवा. मग एकेक अडचण समोर येते. पैसे फ्लोटमध्ये ठेवले तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, कारण हे अपूर्णांक बायनरीत पूर्ण बसत नाहीत, डेसिमल वापरा. एकच नोंद दोनदा होऊ नये म्हणून सभासद, तारीख आणि वेळ (सकाळ की संध्याकाळ) यांची युनिक की लावली, तर गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणाऱ्याची दुसरी नोंद अडते. दुधाचा प्रकारही कीमध्ये हवा. फॅट ६.५ ऐवजी ६५ टाइप होतं, तिथे चेक लावा. दरपत्रक लागू तारखेसह ठेवा, नाहीतर दर बदलला की जुनी बिलंही बदलतात. बिलं निघताना वीज गेली तर अर्ध्यांचीच निघू नयेत, म्हणून सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये: झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. नॉर्मलायझेशन, इंडेक्स, ॲसिड (ट्रान्झॅक्शनचे चार गुणधर्म), जॉइन हे डेटाबेसमधलं सगळं मग तुम्हाला कामातून सांगता येतं, पाठ करावं लागत नाही. प्रात्यक्षिकासाठी सभासदांची नावं आणि खाते क्रमांक बनावट टाका.

कोड गिटवर रोज थोडा थोडा चढवा. पासवर्ड किंवा एपीआय की चुकून चढली तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या आवृत्तीत, ती राहतेच. की रद्द करून नवी घ्या. रेझ्युमे एक पान, पीडीएफ. त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर तीन प्रश्न येतील असं धरून चाला.

ऑपरेटिंग सिस्टिममधून प्रोसेस-थ्रेडमधला फरक आणि डेडलॉकच्या चार अटी, नेटवर्कमधून टीसीपीचा थ्री-वे हँडशेक एवढं तरी कागदावर आकृती काढून समजावता यावं.

आधार, पॅन आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आत्ताच तपासा. दुरुस्तीला वेळ लागतो. ऑनलाइन परीक्षेला लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी हवा.

आणि पावसाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला होता. पुण्याला मुलाखत असेल तर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत राहा: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी इशाऱ्याकडे चढू लागलं की दोन दिवस आधीच निघा, किंवा त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करून ऑनलाइन मुलाखत मागा.