पैसे कधी गावतले? फ्रीलान्स करणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

पहिल्या मोठ्या कामाचे पैसे अडकले तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "पैशे कधी गावतले ता लिवान घेतलंस काय?" (मालवणीत 'गावतले' म्हणजे मिळतील.)

मी गप्प. बाबांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण आमची हापूसची कलमं व्यापाऱ्याला करारानं देताना पडवीत बसून ते सगळं बोलून घेतात: फवारणी कोणाची, राखणदाराचा पगार कोण देणार, मोहर गळाला तर नुकसान कोणाच्या अंगावर, आगाऊ किती आणि बाकीचे कुठल्या महिन्यात. मुंबईत एम.ए. करून आलेल्या मला यातला एकही प्रश्न सुचला नव्हता.

मी देवगडजवळ जामसंड्याला राहते आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. ऑनलाइन कोर्स, ॲपमधला मजकूर, सबटायटल्स. पावसात घरी रेंज नसते, मग छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, जाऊन फाइल पाठवायची. ते पहिलं काम होतं ४६,००० शब्दांचं, शब्दाला १ रुपया. ठरलं कसं? दोन फोन आणि व्हॉट्सॲपवर एक 'ओके, गो अहेड'. बिल पाठवल्यावर दोन महिने शांतता, मग उत्तर आलं, "आमच्या क्लायंटकडून अजून आले नाहीत." त्यांच्या क्लायंटचा आणि माझा काय संबंध, हे विचारायला हातात कागद नव्हता. सात महिन्यांनी, वकिलाच्या नोटिशीनंतर, ३०,००० आले. बाकीचे सोडले.

नवीन मुलं मला विचारतात, स्टॅम्प पेपर हवा का? गरज नाही. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो, रडगाणं असतं ते पुराव्याचं. आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे ईमेलवर झालेला करार केवळ ईमेलवर झाला म्हणून बाद होत नाही. म्हणून आता मी फोनवर ठरलं की त्याच संध्याकाळी मेल टाकते. साधारण असा:

'आज फोनवर ठरल्याप्रमाणे: १२,००० शब्द, दर शब्दाला २ रुपये, मोजणी मूळ इंग्रजी मजकुराची. ३० टक्के आगाऊ, ते आल्यावर काम सुरू. उरलेले पैसे फाइल दिल्यापासून ३० दिवसांत. तुमच्या ग्राहकानं तुम्हाला कधी दिले याच्याशी त्याचा संबंध नाही. दुरुस्त्या दोनदा, त्यापुढे वेगळा दर. वीज किंवा नेटवर्क सलग २४ तास बंद राहिलं तर मुदत तेवढी पुढे. मान्य असल्यास कृपया उत्तर द्यावं.'

'मूळ इंग्रजी मजकुराची' हे वाक्य क्षुल्लक वाटेल. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'ऑन द टेबल'चं 'टेबलावर' होतं, तिनाचा एक शब्द. मराठी शब्द मोजले की बिल आपोआप खाली येतं. विजेचं कलम मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानं शिकवलं. पोफळी आडव्या पडल्या होत्या आणि तिकडून डेडलाइनची आठवण करून देणारे मेसेज येत होते, जे मला वीज आल्यावर दिसले.

मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती अशी दुसरी गोष्ट म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव लावणं. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. एजंट हजार-दीड हजार मागतात, देऊ नका. भाषांतर, डिझाइन, अकाउंट्स लिहिणं ही सेवा आहे, म्हणजे एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग ठरतो. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे खरेदीदाराला लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. निकाल आपल्या बाजूनं लागला आणि समोरच्याला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मात्र नोंदणी काम घेण्याआधी हवी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी जुन्या बिलाला कामी येईल असं धरून चालू नका. माझं तेच झालं होतं. हल्ली बिलावर उद्यम क्रमांक छापला की मार्च महिन्यात अकाउंट्सवाल्यांचे स्वतःहून फोन येतात, कारण मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिलेली अशी रक्कम त्यांना त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आता जरा अवघड भाग. नंतर एका कंपनीनं मला 'कन्सल्टंट' म्हणून घेतलं. महिन्याला २८,०००, सकाळी साडेनऊ ते साडेसहा लॉगिन, गणपतीला सुट्टी हवी तर परवानगी, दुसरं काम घ्यायचं नाही. पीएफ नाही, पगारी रजा नाही. नोकरीचे जाच सगळे, नोकरीचं सुख एकही नाही. कागदावर काय नाव लिहिलंय यावर मामला संपत नाही. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर सौराष्ट्रातल्या मिठागरांवरचे आगरिया होते. मणावर पैसे, कामाचे तास ठरलेले नाहीत, मदतीला माणसं स्वतःच लावायची. तरी मीठ कसं पिकवायचं यावर कंपनीची देखरेख असल्यामुळे ते कामगारच ठरले. १९७८ मध्ये केरळातल्या दोरखंडाच्या कारखान्यातल्या २९ जणांचंही तसंच: मध्ये ठेकेदार होते, पण पोट कारखान्यावर, म्हणून मालक कारखानदारच. आपल्याकडे हा फरक कोणीही सांगेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, ओढणाऱ्याला वाटा मिळतो, मासळी नाही लागली तर सगळ्यांचीच बोंब. ट्रॉलरवरच्या खलाशाला मालक म्हणेल तेव्हा निघायचं असतं.

मी कोर्टात गेले नाही. २८,००० साठी वर्षानुवर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेपा मला परवडल्या नसत्या. मी फक्त लिहिलं: एक तर नोकरीत घ्या, नाहीतर लॉगिन आणि दुसरं काम न घेण्याची अट काढा. त्यांनी अटी काढल्या, आणि चार महिन्यांत कामही हळूहळू आटलं. असं होऊ शकतं, हे धरूनच लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात 'गिग वर्कर'ची, म्हणजे मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणाऱ्याची, व्याख्या आहे, पण ती योजनांच्या लाभापुरती. अडकलेलं बिल तिनं सुटत नाही.

करार संपल्यावरही दोन वर्षं आमच्या स्पर्धकांकडे जाऊ नका, असं कलम दिसलं तर फार घाबरू नका. धंद्याला अशी आडकाठी करार कायद्याच्या २७ व्या कलमानं रद्दबातल ठरते. झहीर खानच्या करारातली, मुदत संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवणारी अट सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये याच कलमावर मोडीत काढली. करार चालू असतानाची अट मात्र साधारणपणे टिकते, ती सही करण्याआधीच वाचा.

कॉपीराइटचं थोडक्यात: भाषांतराचा हक्क नोकरीबाहेर केलेल्या कामात भाषांतरकाराचा असतो, लेखी दिल्याशिवाय जात नाही. लेखी देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात. फोटोग्राफर मित्रांनो, तुमचं उलटं आहे. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, सांगणाऱ्याचा. होमस्टेवाल्यांचे फोटो काढता, तर ते आपल्या पानावर टाकायची परवानगी आधीच लिहून घ्या. बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला तर तो बुडत नाही, आयकर पोर्टलवर आपल्या नावावर दिसतो, रिटर्न भरा. आणि थकलेल्या पैशासाठी दावा करायला साधारण ३ वर्षं असतात, तोवर चॅट डिलीट करू नका.

गेल्या सोमवारी नवीन काम आलं, ३८,००० शब्द. मी मेल टाकला. 'दुरुस्त्या दोनदा' त्यांना नको आहे, 'गरजेनुसार' हवं आहे. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "गरज कोणाची, ता लिवलेला नाय मगे." तेवढंच विचारून मी परत पाठवलंय. उत्तर आलेलं नाही, फाइल अजून उघडलेली नाही.