पोपट चावतो? आधी बोट मागे खेचणं सोडा

"बोटाला तिखट लाव, एकदा तोंड पोळलं की परत नाही चावणार." पहिला पक्षी घेतला तेव्हा दुकानदाराने दिलेला हा सल्ला, आणि मी येड्यासारखं लावलं पण. गुंड्याने (माझा ग्रीन चीक कोन्युअर जातीचा छोटा पोपट) बोट चाटून पुसून साफ केलं आणि मग परत तिथेच चावला, कारण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. पोळलं ते माझ्या आदल्या दिवशीच्या जखमेला. तेव्हापासून चावण्यावरचे घरगुती उपाय ऐकले की माझं डोकंच फिरतं.

हे सगळं कोन्युअर, कॉकटील, लव्हबर्ड असले विदेशी पक्षी पाळणाऱ्यांसाठी आहे. आपला देशी हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

१. आधी चावा कोणता ते ओळखा

चोच म्हणजे त्याचा हात आणि तिसरा पाय, दोन्ही. चढताना तो चोचीने धरतो, नवीन वस्तू दिसली की चोचीत घेऊन जिभेने चाचपतो, फळ खाल्लं की दांडीला चोच पुसतो. रात्री झोपायच्या आधी करकर आवाज येतो ना, तो राग नाही, तो निवांत असला की चोच चोचीवर घासतो. पिल्लं तर बटण, कान, चष्मा सगळंच तोंडात घेतात. यातलं काहीच चावणं नाही.

२. कुरतडायला द्या

पेरूची फांदी, मक्याच्या कणसाची सालं, कोरा कागद. नाही दिलंत तर चार्जरची वायर आहेच.

३. बोटावर घेणं (सगळी गडबड इथेच होते)

माझे पहिले चार महिने यात गेले. मी बोट पुढे करायचो, गुंड्या वाकून चोच पुढे आणायचा, मला वाटायचं आता चावणार, की मी झटकन बोट मागे. खरं तर तो फक्त बघत होता की ही फांदी माझं वजन घेईल का. एसटीच्या पायरीवर तुम्ही पाय टाकलाय आणि कंडक्टरने बेल मारली, असं तीनदा झालं तर चौथ्या वेळी तुम्ही दांडा कसा धराल? तसाच त्याने माझं बोट धरलं. म्हणजे चावायला मीच शिकवलं, आणि वर सगळ्यांना सांगत फिरायचो की पक्षी खुनशी निघाला.

सुटका काठीने झाली. वीतभर लाकडी काठी घ्या, त्याच्या पायांच्या जरा वर, पोटाला हलकेच टेकेल अशी धरा आणि हलवू नका. दुसऱ्या हातात राळ्याचं कणीस इतक्या अंतरावर धरा की काठीवर पाय ठेवल्याशिवाय चोच पोचणार नाही. चढला की लगेच खाऊ. काठीला चोच लावली तर तुम्हाला दुखत नाही, म्हणून तुम्ही दचकत नाही, सगळी गंमत तीच आहे. मग रोज काठी थोडी थोडी आखूड धरत जा, शेवटी बोटच उरतं. दिवसातून तीनदा, पाच पाच मिनिटं, बास. मला तीन आठवडे लागले, तुम्हाला जास्त लागतील किंवा कमी, पण घाई केलीत तर परत पहिल्यापासून.

आता याची दुसरी बाजू. बोट पुढे करायच्या आधी त्याच्याकडे बघा. डोळ्यातली बाहुली भराभर लहान मोठी होतेय, मानेची पिसं उभी, शेपूट पंख्यासारखी पसरलेली, किंवा अंग एकदम ताठ करून गप्प बसलाय, तर त्याचा अर्थ "आत्ता नको". नुसती बाहुली बघून ठरवू नका, शिट्टी मारताना पण गुंड्याचे डोळे तसेच होतात, अख्खं अंग बघा. नको म्हणतोय तर हात पुढे नेऊच नका, दहा मिनिटांनी या. अर्ध्यावर नेऊन खेचणं वेगळं आणि न नेणं वेगळं. "माघार घेतलीस तर डोक्यावर बसेल" असं सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि सोडून द्या. साधं नको म्हटलेलं तुम्ही ऐकलंत तर त्याला चोचीने सांगायची वेळच येत नाही.

४. तरीही चावलाच तर

ओरडू नका, आपण ओरडलो की आमच्या भाच्याला मजा वाटायची आणि तो अजून चावायचा, पक्ष्याला पण तसंच वाटतं. हात झटकू नका, चोचीवर टिचकी नाही, तोंडावर फुंकर नाही. हात शांतपणे टेबलाजवळ न्या, त्याला उतरू द्या, दहा-पंधरा सेकंद पाठ फिरवा. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात टाकू नका, त्याला घरी जायचं असेल तर तो पुढच्या वेळी चावूनच बेल वाजवेल.

५. बाकीचं

पाठीवरून आणि शेपटीखाली हात फिरवू नका, त्याला तुम्ही जोडीदार वाटायला लागता आणि मग जवळ येईल त्याला चावतो. लाड फक्त डोक्याचे. रात्री दहा-बारा तास अंधारात झोप. नवीन पिसांचे काटे आलेले असताना ते दाबले तर दुखतं, तेव्हा सांभाळून. आणि गरीब पक्षी एकाएकी चावायला लागला, खाणं कमी झालं, फुगून बसलाय, तर ट्रेनिंग बंद आणि सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

जखम साबणाने धुवा, खोल असेल तर डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. रेबीज पक्ष्यांकडून होत नाही, त्यामुळे शेजारच्या काकू पाच इंजेक्शनं सांगतील तिकडे लक्ष देऊ नका.