धुरात माणूस शोधायचा सराव : भिंत सोडायची नाही

आपल्याकडं आग लागली की तालुक्याहून बंब येईस्तोवर गावातलीच पोरं पुढं होतात आणि आत लेकरू अडकलंय म्हटल्यावर तर कुणाचा पाय बाहेर थांबत नाही. पण तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरू नका रे, रुमालानं कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, त्याला वास नाही रंग नाही, वाचवायला गेलेलाही तिथंच पडतो. खऱ्या आगीत ज्याच्याकडं हवेचा सिलेंडर, मास्क अन् पूर्ण ड्रेस आहे त्यानंच जायचं, तेही अग्निशमनवाल्यांच्या सांगण्यावरून.

सराव मात्र कुणालाही करता येतो. रविवारी हेडसरांना विचारून झेडपी शाळेची एखादी खोली घ्या, त्यात बाक, बाज, ड्रम कसेही टाका, धूर-बिर काही करायचा नाही, मास्कच्या काचेला काळं प्लॅस्टिक चिकटवा नाहीतर डोळ्याला पट्टी बांधा. कायम दोघं. पहिल्यानं दारातच डावा हात भिंतीला लावायचा आणि रांगत निघायचं, कारण गरम धूर वर साठतो, खाली त्यातल्या त्यात बरं असतं. दुसऱ्यानं त्याचा पाय धरून खोलीच्या मधल्या बाजूला हात फिरवायचा. मधूनच परतायचं झालं तर जागेवर वळा, आता उजवा हात त्याच भिंतीला, दार सापडणारच.

आमच्या पहिल्या सरावाला एका चांगल्या तगड्या पोरानं आवाज आला म्हणून भिंत सोडली, अन् ज्या वर्गात तो सातवीपर्यंत शिकला तिथं त्याला दार सापडंना. तवापासून मी हे शंभरदा सांगतो.

बाजंखाली, दारामागं, कपाटात, न्हाणीत बघायचंच, लेकरं घाबरली की पळत नाहीत, लपतात. आवाज द्या आणि मग दोघांनी क्षणभर श्वास रोखून ऐका, मास्कमधल्या आपल्याच श्वासाच्या आवाजात कण्हणं ऐकू येत नाही. माणूस ओढायची सवय म्हणून वाळू भरलेली ५० किलोची गोणी ओढून बघा, उचलू नका, जमिनीलगतच ओढा.

हवेचा हिशोब पाठ करा. ६ लिटरचा सिलेंडर ३०० बारला (बार म्हंजे हवेच्या दाबाचं माप) भरला की साधारण १८०० लिटर हवा, कागदावर ४५ मिनिटं, पण गोणी ओढताना धाप लागते अन् हवा कितीतरी आधी संपते. हवा संपत आल्याची सिलेंडरच्या सेटवरची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, ती वाजायच्या आत तुम्ही बाहेर पाहिजे. दारात तिसरा माणूस वही घेऊन उभा करा, कोण किती वाजता गेलं, प्रेशर किती, तो लिहील.

आणि जुन्या माळवदाच्या घराला आग असली तर आणखी जपून. वर मातीचं ओझं, खाली लाकडं, लाकडं जळाली की सगळंच खाली. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली माणसं कशी गाडली गेली ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तुळईनं पेट घेतलेला दिसला की आत पाय टाकायचा नाही, बाहेरूनच पाणी मारायचं.