इस्त्रीचं जुनं मशीन मिस्त्रीला दाखवण्याआधी

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात आत्याने अमेरिकेहून बोटीने आणलेलं इस्त्रीचं मशीन आहे. झाकण बंद असलं की पाहुण्यांना ते शिलाई मशीन वाटतं. उघडलं की आत कापड गुंडाळलेला सव्वादोन फुटी रूळ, आणि त्याच्या मागे त्याच गोलाईचा तापणारा पोलादी पत्रा. घरात त्याला तवा म्हणतात. गुडघ्याने पट्टी दाबली की तवा रुळाला येऊन टेकतो, रूळ फिरतो आणि मधून चादर सपाट होऊन बाहेर पडते. अमेरिकेत 1940-50 च्या सुमारास अशी मशीनं घरोघरी विकली जात. पुढे बिनइस्त्रीचे कपडे आले आणि त्यांची गरज सरली. आमच्याकडे मात्र आत्याच्या नऊवाऱ्या होत्या. दोन बायका, एक इस्त्री आणि जमिनीवर घोंगडी अंथरून करायचं काम ती एकटी खुर्चीत बसून उरकायची.

अशा मशीनची दुरुस्ती काढणार असाल तर पहिली तयारी पंचांगाची. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या आधी मोटरीच्या कामाला माणूस मिळेल ही आशा सोडा; मिरवणुकीतल्या झाक्यांमधल्या, म्हणजे देखाव्यांमधल्या, हलत्या पुतळ्यांच्या मोटरी आणि रोषणाई यांत सगळे गुंतलेले असतात. नवरात्र लागलं की गरब्याचे मंडप. मधला पितृपंधरवडा उत्तम. नवी खरेदी कोणी करत नाही, दुकानं निवांत असतात, आणि दुरुस्तीला पितर आड येत नाहीत.

मिस्त्री येण्याच्या आठ दिवस आधी मशीनच्या पाठीवरची पितळी पाटी शोधा. ती बहुधा धूळ आणि तेलाच्या थराखाली असते. ओल्या फडक्याने पुसा, घासू नका, अक्षरं जातात. आमच्या पाटीवर 115 व्होल्ट, 60 सायकल (म्हणजे हर्ट्झ), 1320 वॅट असं आहे. हे तीन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनलाच चिकटवून ठेवा. कारण आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 सायकल. व्होल्टेज दुप्पट झालं की तव्याची उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. म्हणजे 1320 च्या जागी सव्वापाच हजार वॅट. माझ्या लहानपणी एका पाहुण्यांनी हौसेने प्लग थेट भिंतीत खुपसला होता. फ्यूज उडाला म्हणून आज लिहायला विषय आहे.

म्हणजे व्होल्टेज उतरवायला ट्रान्सफॉर्मर आला, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेकजण पैसे इथेच वाया घालवतात. महाराणी रोडवर तयार मिळेल, नाहीतर वाइंडिंगवाल्याकडून करून घेता येईल. मी म्हणेन करूनच घ्या, दोन केव्हीए क्षमतेचा. सांगताना दोन गोष्टी ठासून सांगा. एक, आत दोन वेगळी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, हवीत. एकाच वाइंडिंगमधून मधली तार काढलेला ट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त पडतो, पण त्यातली दोन्हीकडची सामाईक तार तुटली तर मशीनपर्यंत सरळ 230 पोचतात. दुसरी, 115 बरोबर 100 व्होल्टचाही टॅप, म्हणजे वेगळी जोडणी, काढून घ्या. दुकानदार विचारेल, कशाला? कारण 60 सायकलची मोटर 50 वर सावकाश फिरते, सहा फेऱ्यांच्या वेळात पाच, आणि पूर्ण 115 दिले तर जास्त करंट ओढून तापते. व्होल्टेजही सहाला पाच या हिशेबाने उतरवलं की 96 च्या जवळ येतं, म्हणून 100. त्यावर तव्याचे वॅट हजारापर्यंत उतरतात, पण रूळही सावकाश असल्याने कापड तव्याखाली जास्त वेळ राहतं आणि घडी चांगली बसते. हा हिशेब जमला त्या दिवशी मला झाकीत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं होतं.

मग घरातली वायर. या मशीनला पंख्याचा प्लग चालणार नाही. ट्रान्सफॉर्मरपासून पुढे दहा ते साडेअकरा अँपिअर जाणार, तेव्हा अडीच एमएमची तीन तारांची वायर आणि 16 अँपिअरचा प्लग-सॉकेट आणून ठेवा. तीन तारा यासाठी, की मूळ मशीनला दोनच पिना असतात. अर्थिंगची तिसरी तार मशीनच्या लोखंडी अंगाला रंग खरवडून, वॉशर घालून घट्ट आवळायला लावा. मिस्त्री म्हणेल गरज नाही. गरज आहे, ओलसर चादर हातात धरून माणूस या मशीनसमोर बसतो.

उघडण्याआधी फोटो. उघडताना फोटो. प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नंबर. मी एकदा चारच तारा आहेत, लक्षात राहतील म्हणून सोडवल्या आणि मधे चहाला उठलो. परत आलो तर चारही तारा काळ्या, चारही सारख्या. त्यानंतर दोन रविवार गेले.

तव्याच्या मागे पांढरट, कापसासारखं वेष्टण असलेल्या तारा किंवा पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर हात मागे घ्या. त्या काळी उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉस सर्रास वापरत आणि त्याची धूळ फुप्फुसात गेलेली वाईट. खरवडायचं नाही, फुंकायचं नाही, झाडू तर मुळीच नाही. पी-100 फिल्टरचा मास्क लावा, एन-95 इथे पुरत नाही; पाणी शिंपडून ओलं करा, पुसलेलं फडकं पिशवीत बांधून टाका. लेकरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा. नव्या तारांसाठी काचेच्या धाग्याचं वेष्टण असलेली वायर आणि चिनी मातीचे मणी आधीच आणून ठेवा. मिस्त्रीच्या पिशवीत प्लॅस्टिकची वायरच असते आणि ती तव्याजवळ महिनाभरही टिकत नाही.

वंगणाचं काम थोडक्यात. वीज न जोडता रूळ हाताने फिरवून बघा. अडला तर जोर लावू नका, गिअरमधलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलने धुऊन नवं भरायचं. मोटरच्या बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला, 20 नंबरचं तेल, दोन-चार थेंब. गिअरचा दात तुटलेला निघाला तर पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडकडे खराद (लेथ) आणि गिअर कापणाऱ्यांकडे जावं लागेल. जुना दातेरी भाग नमुना म्हणून बरोबर न्यायचा, त्याचे तुकडेही फेकायचे नाहीत.

मिस्त्रीला निरोप देताना मेगर, म्हणजे वीज अंगात झिरपते का ते मोजायचं यंत्र, आणायला सांगा. मेगर नाही म्हणाला तर दुसरा मिस्त्री. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या तव्यात ओल शिरते आणि पहिल्या तपासणीत करंट मशीनच्या अंगात उतरताना दिसतो. घाबरून तवा बदलायला निघू नका. दोन दिवस कडक उन्हात ठेवून पुन्हा मोजा. निदान एक मेगओहम दाखवल्याशिवाय वीज जोडायची नाही. आमचा पहिल्या दिवशी जवळजवळ शून्य होता, तिसऱ्या दिवशी दुपारी काटा वर सरकला.

आणि थर्मोस्टॅट. हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा: "भिया, डायरेक्ट कर देता हूँ, मक्खन चलेगी." चालेल, एक दिवस. थर्मोस्टॅट काढून तारा थेट जोडल्या की तवा तापतच राहतो. आधी कापड पिवळं पडतं, मग रुळावरची गादी धुमसते. थर्मोस्टॅटचे पॉइंट काळे झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ होतात, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. "डायरेक्ट नाही करायचं" हे मिस्त्री पेचकस काढायच्या आधी, हसत, पण सांगून टाका. नंतर सांगितलं की तो रुसतो.

रुळाचं कापड तुमचं काम, मिस्त्रीचं नव्हे. जुनं सोडवताना ते कुठल्या दिशेने गुंडाळलंय ते बघून लिहून ठेवा. क्लॉथ मार्केटमधून जाड मादरपाट आणा, आतल्या गादीसाठी सुती फलालीन. मादरपाट दोनदा गरम पाण्यात धुवा, नाहीतर खळ तव्यावर करपते आणि कापड रुळावरच आटतं. गुंडाळताना मोकळं टोक फिरण्याच्या दिशेकडे पाठ करून यायला हवं. तवा घासत जातो तेव्हा ते टोक दबलं पाहिजे, उचकटलं नाही पाहिजे. आत्या रुळावरून तळहात फिरवायची, मांजर कुरवाळल्यासारखा. ज्या बाजूने फिरवताना टोक लागतच नाही, तीच तव्याची वाट. मी अजून तसंच तपासतो.

पहिल्या चालवणीला साडी नको, जुना पंचा घ्या. त्याआधी वीज बंद ठेवून तवा हाताने मागे ढकलायचा दांडा चालतो का बघा, कारण मधेच लाइट गेली तर गरम तवा रुळाला चिकटून बसतो आणि तो दांडाच कामाला येतो. घरातल्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवा, कामवाल्या मावशींनाही. बांगड्या, घड्याळ, ओढणी, पदर बाजूला. जरीचा काठ रुळातून घालूच नका. आत्याही महेश्वरीला हातानेच इस्त्री करायची, वर ओलं सुती फडकं टाकून.