तीरकामठा आणि होळीचा टोप: घ्यायचा कसा, विकायचा कसा

नंदुरबारच्या सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या आदिवासी वस्तू आणून पुण्या-मुंबईत विकणं हा माझा धंदा. त्यात उतरू पाहणारे मला जुना माल कुठे मिळतो ते विचारतात. माझं उत्तर त्यांना आवडत नाही: जुन्याच्या मागे हिंडू नका, नवं करवून घ्या.

जुन्याच्या नावाखाली येणारा बराच माल चुलीवर टांगून काळा केलेला असतो. धूर सगळीकडे सारखा बसतो, हात तसा बसत नाही. खरोखर वापरातल्या कामठ्याची मूठ तेवढी तुळतुळीत होते, टोकांच्या खाचा दोरीने झिजतात आणि मधला बांबू कोरडाच राहतो. दोरीही बघा. सातपुड्यात ती बांबूच्याच चिपेची असते. नायलॉनची दिसली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, कुणीतरी अलीकडे बदलली एवढंच. बाण घेताना लोखंडी पात्याच्या बाणांबरोबर पाखरांसाठीचे बोथट लाकडी टोकाचे बाणही मागून घ्या. दिसायला साधे म्हणून दुकानदार ते घेत नाहीत. मला विचाराल तर संच त्यांच्यामुळेच पुरा होतो.

टोपाचं प्रकरण नाजूक आहे. काठी गावची राजवाडी होळी बघायला जरूर जा. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून रात्रभर नाचणारे बुध्ये पाहण्यासारखेच असतात. पण तिथे पाकीट काढू नका. त्या माणसाची पाळणी, म्हणजे व्रत, चालू असते, खाण्या-झोपण्याचे नियम पाळून तो उभा असतो. त्याच्या डोक्यावरच्या टोपाचा भाव विचारणं म्हणजे कुणाच्या देव्हाऱ्यातला नारळ विकत मागणं. घुंगरू, दागिने, कपडे होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात उघड विकायला असतात, ते खुशाल घ्या. टोपासाठी मात्र होळी उलटू द्या, मोहफुलं वेचून होऊ द्या, मग ओळखीतून करणाऱ्याच्या घरी जा. दादा, विकण्यासाठी वेगळा कराल का, असं सरळ विचारा. नाही म्हणाला तर चहा घेऊन परत या. हो म्हणाला तर भाव त्यालाच सांगू द्या, निम्मे पैसे आधी द्या आणि घासाघीस करू नका.

मोरपिसं गळलेलीच हवीत. देशात त्यांची विक्री चालते. गळलेल्या पिसाच्या देठाचं टोक कोरडं आणि पांढुरकं असतं, उपटलेल्याला रक्ताचा तपकिरी डाग राहतो. देठ कापलेलं पीस घेऊच नका, कारण मग काहीच कळत नाही. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर मोरपिसांचा टोप दाखवूही नका, निर्यातीला बंदी आहे.

कुणी धनेशाची पिसं लावलेला नागा टोप किंवा बस्तरच्या माडियांचा गव्याच्या शिंगांचा मुकुट घेऊन आलं तर हात जोडा. धनेश आणि गवा दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘आजोबांचा आहे’ म्हटल्याने विक्री कायदेशीर होत नाही. अरुणाचलात निशी लोकांच्या टोपांवर धनेशाच्या खऱ्या चोचींऐवजी आता फायबरच्या चोची बसतात. तशी वस्तू असेल तर तसं स्पष्ट लिहून विका.

वस्तू शंभर वर्षांपलीकडची निघाली तर तिला पुरावशेष कायदा लागतो. त्यात धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना हवा, आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तलवार, भाला, फरशी कुऱ्हाड यांचं पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर शस्त्र कायद्याची भानगड येते. शेतीच्या अवजारांना त्यात सूट आहे, तरी गाडीत धारिया (लांब दांड्याचा कोयता) दिसल्यावर नाक्यावरचा हवालदार नियम आठवत बसत नाही. बिल जवळ ठेवा, आणि शंका असली तर माल उचलण्याआधीच जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

घरी आणल्यावर कामठ्याची दोरी एका टोकाची उतरवून ठेवा, नाहीतर बांबू वाकलेलाच राहतो. खाली पिवळी भुकटी सांडू लागली की भुंगा लागला समजा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. लोखंडाला पॉलिश पेपर लावू नका, शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा पुरे. ईशान्येकडचे जुने बाण उघड्या हाताने धरू नका, टोकांना बचनागाचं विष असू शकतं.

विकताना वस्तूबरोबर चिठ्ठी जाते: करणाऱ्याचं नाव (त्याची हरकत नसेल तर), गाव, जमात, महिना-वर्ष, आणि टोप असल्यास ‘विक्रीसाठी केलेला, होळीत न वापरलेला’ ही ओळ. या ओळीमुळे गिऱ्हाईक जाईल असं नवख्यांना वाटतं. जातंही एखादं. पाठवताना पात्यांवर बूच बसवा, बाण पीव्हीसी पाइपात घाला, आणि टोप कधीही आडवा पॅक करू नका.