सडा, पऱ्या आणि पट्टी: भूशास्त्रीय नकाशा काढताना या चुका टाळा

नकाशावर पट्टी ठेवू नका. दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी ठेवतंच.

राजापूरजवळच्या एका सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावरची गोष्ट. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या दोन्ही अंगांना जांभा संपून काळा दगड (बेसाल्ट) सुरू होतो, तो साधारण ८० मीटरच्या समोच्चरेषेपाशी. एका पठ्ठ्याने नकाशावर या दोन्ही जागांचे ठिपके पट्टीने जोडले. काम अर्ध्या मिनिटात, पण पऱ्याचा तळ तिथे २५ मीटरवर! त्याच्या नकाशाप्रमाणे रेघेच्या वर पऱ्यात सगळा जांभाच हवा. भर मे महिन्यात त्याला खाली उतरवला. तळात काळा दगड. तरी तो म्हणतो, "सर, हा काय जांभा!" मी पायाने ढकलला, तर धोंडा हलला. सड्यावरून घरंगळत आलेला. मग पऱ्यातून चढत गेलो. तळ ८० मीटरला पोचला तेव्हा कुठे जागचा जांभा लागला, अर्धा किलोमीटर आत.

आडव्या थराची सीमा समोच्चरेषेच्या संगतीने दरीत शिरते आणि परत फिरते. डोंगर-दरी न जुमानता सरळ जाते ती उभ्या थराची, नाहीतर उभ्या डाइकची, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेल्या भिंतीची.

अर्थात जांभा हा खरा थर नव्हे. खडक कुजून झालेली टोपी आहे आणि तिचं बूड वर-खाली असतं. म्हणून मी गावात शिरलो की आधी विहिरीपाशी थांबतो आणि विचारतो, काळा दगड किती हातांवर लागला?

दुसरं, 'व्हीचं टोक नेहमी उगमाकडे' हे पाठांतर. दरी ओलांडताना थराची सीमा नकाशावर इंग्रजी V सारखी वळते, तो हा व्ही. माथेरानकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, तिथे चालून जातं. पण पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेला, समुद्राकडे कलतात आणि ओढेही तिकडेच वाहतात. थराचा कल ओढ्याच्या उतारापेक्षा जास्त असेल, तर टोक समुद्राकडे वळतं. थर कमी कलला असेल, तर पुन्हा उगमाकडेच. आधी डिप, म्हणजे थराचा कल मोजा, मग रेघ ओढा.

नकाशावर थराचा पट्टा रुंद म्हणून थर जाड समजू नका. १० मीटरचा थर सपाट जमिनीवर ५ अंशांनी कलला तर सुमारे ११५ मीटर दिसतो. ३० अंशांना फक्त २०.

आणि कंपासशेजारी हातोडा ठेवू नका. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिजही सुईला ओढतं. मी वही खडकावर, कंपास वहीवर ठेवतो आणि दोन पावलं सरकून पुन्हा वाचतो.