लग्नाच्या दिवसाची तयारी, पाहुण्यांच्या बाजूने

लग्न ठरलं की कपडे, सजावट आणि फोटो यांवर महिनोन्महिने चर्चा चालते. पाहुणा कोणत्या दाराने येईल, कुठे बसेल आणि किती वेळ ताटकळेल हा विषय मात्र आदल्या रात्री घाईघाईत निघतो. माझ्या मते यादीची सुरुवात याच विषयापासून व्हायला हवी. ज्या घरी कुठे जायचं, कुठे बसायचं, जेवण कधी हे कुणाला विचारावं लागत नाही, तिथे माणूस पाचच मिनिटांत मोकळा होतो.

त्यामुळे निमंत्रण पाठवतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: किती जण येणार, कुणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी किंवा पथ्य आहे का, आणि जिना चढायला अवघड जाणारं कुणी सोबत आहे का. उत्तरासाठी लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधीची तारीख द्यावी. त्यानंतरही जे गप्प असतील त्यांना घरातल्या एकाने फोन करावा; राग न धरता, कारण बहुतेकांचं फक्त राहून गेलेलं असतं. आदल्या दिवशी सगळ्यांना एकच छोटा निरोप जावा. त्यात नकाशाची लिंक, नेमकं कोणतं फाटक, गाडी कुठे लावायची, मुख्य विधी किती वाजता आणि जेवण किती वाजता एवढंच असावं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला जेवणाची वेळ आधी कळणं फार गरजेचं असतं, म्हणून ती वेळ लिहावी आणि पाळावी.

आता वेळापत्रक. ते मुख्य विधीपासून उलटं मागे मोजत लिहावं आणि प्रत्येक टप्प्यानंतर पंधरा मिनिटं मोकळी ठेवावीत. सगळ्यात जास्त फसतं ते भेटीगाठींचं गणित. २०० माणसं वधू-वरांना भेटणार असतील आणि प्रत्येकाला फक्त २० सेकंद धरली, तरी तासाहून जास्त वेळ जातो. तेवढा वेळ वयस्कर माणसं रांगेत उभी असतात. त्यापेक्षा वधू-वरांनीच बसलेल्या पाहुण्यांमध्ये फिरावं. वेळही वाचतो, आणि बोलणंही खरंखुरं होतं. कौटुंबिक फोटोंचंही तसंच: एका गटाला तीन मिनिटं म्हटलं तर वीस गटांना तास लागतो. म्हणून गटांची यादी नावांसकट कागदावर असावी आणि ती फोटोग्राफरच्या नव्हे, तर दोन्हीकडची माणसं ओळखणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या हातात असावी. आजी-आजोबांचे फोटो सर्वांत आधी काढून त्यांना बसू द्यावं.

त्या दिवशी वधू-वर आणि त्यांचे आईवडील यांच्या हातात फोन नसावा, यावर मी ठाम आहे. दोन्ही घरांतून एकेक शांत डोक्याचा माणूस निवडावा. केटरर, साउंडवाले, गाडीवाले, फोटोग्राफर या सगळ्यांकडे त्या दोघांचेच नंबर असावेत. त्या दिवशी द्यायचे पैसे पाकिटांत मोजून, वर नाव लिहून त्यांच्याकडे सोपवावेत. आणि किरकोळ निर्णय त्यांनी कुणाला न विचारता घ्यावेत, हे सगळ्या घराला आधीच सांगून टाकावं.

जागा पाहायला जाताना लग्न ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जावं. ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतं, वधू-वरांच्या पाठीमागे खिडकी येऊन फोटोत चेहरे काळे पडतील का, हे तेव्हाच दिसतं. सोबत घरातलं कुणी वयस्कर असेल तर फारच चांगलं. गाडीपासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून स्वच्छतागृहापर्यंत त्यांच्या चालीने चालून बघावं. व्हीलचेअरच्या उताराचं रूढ प्रमाण १:१२ आहे. म्हणजे ३० सेंमी उंचीच्या पायऱ्यांसाठी ३.६ मीटर लांब रॅम्प लागतो. ऐनवेळी टाकलेली आखूड फळी धोक्याचीच. वयस्करांसाठी हात असलेल्या खुर्च्या ठेवाव्यात, उठताना आधार मिळतो; त्या वाटेच्या कडेला आणि लाउडस्पीकरपासून दूर असाव्यात. कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी जागा द्यावी.

आवाजाची चाचणी जो बोलणार आहे त्यानेच करावी. लाउडस्पीकर माईकच्या पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून हवेत. माईक लाउडस्पीकरसमोर आला की तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. रिकाम्या सभागृहात आवाज जास्त घुमतो, माणसं बसली की बराचसा शोषला जातो, म्हणून चाचणीत बरोबर वाटलेला आवाज प्रत्यक्षात थोडा वाढवावा लागतो. वायरलेस माईकच्या नव्या बॅटऱ्या आणि वायरवाला एक जादा माईक जवळ असू द्यावा. जनरेटर असेल तर दिवे, पंखे, साउंड सगळं एकदम लावून दहा मिनिटं चालवून बघावा. जमिनीवरच्या वायरी टेपने चिकटवाव्यात. सजावटीने बाहेर पडायचं कोणतंही दार झाकलं जाऊ नये. सजावटीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

जेवणाकडे मात्र नीट बघावं. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. मधल्या तापमानात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. म्हणून सगळं एकदम मांडण्यापेक्षा थोडं थोडं आणायला सांगावं. बुफे असेल तर टेबल भिंतीला न लावता मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी वाढून घेऊ द्यावं; रांगेचा वेळ जवळपास निम्मा होतो. प्रत्येक पदार्थापुढे नाव आणि ॲलर्जीच्या दृष्टीने महत्त्वाचे घटक लिहिलेले असावेत. पिण्याचं पाणी प्रवेशापाशीही हवं, जेवणापाशी तर हवंच. वधू-वर, त्यांचे आईवडील, फोटोग्राफर आणि गाडीचालक यांची ताटं आधीच बाजूला काढायला सांगावीत. हे नेहमी शेवटी आठवतं आणि तेव्हा त्यांच्या वाट्याला गार जेवण उरतं.

मोकळ्या जागेत लग्न असेल तर पावसाचा पर्याय ठरलेला असावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागा बदलायचा निर्णय कोण आणि किती वाजेपर्यंत घेणार हेही. लहान मुलांसाठी एक कोपरा, थोडे कागद-रंग आणि लक्ष ठेवायला एक मोठं माणूस पुरे होतं.

एक पिशवी वधू-वरांपैकी कुणाच्या तरी मैत्रिणीकडे द्यावी: सेफ्टी पिना, सुई-दोरा, बँडेज, नेहमीची औषधं, कात्री, टेप, पेन, चार्जर, पॉवर बँक, रुमाल, सुटे पैसे, साध्या चपला. नवी पादत्राणं आधीच्या आठवड्यात घरात रोज थोडी घालून सैल करावीत. नोंदणी त्याच दिवशी असेल तर मूळ ओळखपत्रं आणि साक्षीदारांची नावं पक्की करावीत. सकाळी दोघांनी खाऊनच तयार व्हायला बसावं.

पाहुण्यांची पाठवणीही यादीत हवी. गाड्यांपर्यंतच्या वाटेवर उजेड, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आणि दाराशी निरोप द्यायला घरातलं कुणीतरी. भेटवस्तू कोणत्या गाडीतून जाणार आणि सोबत कोण बसणार हे सकाळीच ठरवावं. उरलेलं अन्न कुणाला द्यायचं ते आधी बोलून ठेवलं, तरच ते खाण्याजोगं असताना पोचतं. खोल्या, स्वच्छतागृहं आणि खुर्च्यांखालची जागा दोघांनी एकदा फिरून तपासावी, आणि भाड्याच्या वस्तू आणताना केलेल्या यादीवरून मोजून परत द्याव्यात.